बाबांच्या गाडीला गोंद लावायचा नाही

दादा,

गोंदाची ट्यूब शोधू नकोस. ती माझ्या पर्समध्ये आहे आणि मी ड्यूटीवर चालले आहे. बाबांची ती प्लास्टिकचे ठोकळे जोडून केलेली गाडी "सारखी सुटते, एकदाची चिकटवून टाकतो" म्हणालास ना? हात लावून बघ, मग बघते तुला!

सकाळी मी ती गाडी चालताना पाहिली. हात थरथरतात म्हणून बाबांना भरलेला पेला नेता येत नाही. त्यांनी बुटक्या स्टुलावरच्या फिल्टरच्या तोटीखाली गाडी उभी केली, पेला तिच्यावरच भरला आणि मोटर चालू केली. ती प्लास्टिकची गाडी उंबरठ्यावर चढली रे! पुढचा भाग उचलला, रणगाड्यासारखी पट्ट्यांवर सरकत पलीकडे उतरली. पेला गाडीवरच्या छोट्या झोपाळ्यात टांगलेला, म्हणून थेंबभरही पाणी सांडलं नाही.

पुढे ती पायपुसण्यात अडकली आणि एक सांधा फटकन निखळला. मी किंचाळले. बाबा म्हणाले, "ओरडतेस काय? तो मी मुद्दाम सैल ठेवलाय. गाडी अडकल्यावर तो सुटला नाही तर मोटर जळेल." आणि त्यांनी त्याच थरथरत्या अंगठ्याने दाबून तो पुन्हा बसवला.

गाडी आईपाशी पोचली, तिने गादीवरूनच हात लांबवला आणि ती पाणी प्यायली. कंबर मोडल्यापासून पहिल्यांदा तिला आपल्याला हाक मारावी लागली नाही.

पायपुसणं मी उचललंय, परत टाकू नकोस. आणि संध्याकाळी आईने पाणी मागितलं तर तू उठू नकोस. बाबांना उठू दे.