काठोकाठ टाकी

रिठद, मंगळवार, दिवेलागण

पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप माझा आणि शेजारच्या गजूचा, दोघांत मिळून घेतलेला. वापरेल त्याने पेट्रोलची टाकी भरून परत ठेवायची, एवढंच ठरलेलं. गजू संध्याकाळी पंप आणून ठेवायचा आणि सकाळी टाकी अर्धी दिसायची. मागे चहाच्या टपरीवर चारचौघांत मी त्याला म्हणालो, "अर्धं पेट्रोल तुह्या गाडीत टाकून राह्यला काय बे?" तेव्हापासून पंप आणला की तो झाकण उघडून दाखवतो. "पाहून घ्या, भाऊ."

आज सकाळी चिखल खरवडताना टाकीच्या मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, बारीक तडा दिसला. रात्रभर पेट्रोल तिथूनच झिरपायचं. टाकी रिकामी केली, धुऊन उन्हात वाळवली, तापलेल्या खिळ्याने प्लास्टिक वितळवून तडा बुजवला. चांगला बुजला. दुपारी गजू पंप न्यायला आला तेव्हा सांगायचं होतं. काहून नाही सांगितलं? त्याला घाई होती म्हणून? घाई कसली! तो ओट्यावर बसून पाणी पिऊन गेला.

आत्ता पंप घेऊन आला. झाकण उघडलं. काठोकाठ. "पाहून घ्या, भाऊ."

आणि मी वाकून पाहिलं. वर "हाव, बरोबर हाय," असंही म्हणालो.