एकी समितीचं डुक्कर

रविवार, ७ जुलै

झालो! एकी समितीचा अध्यक्ष झालो. मी नको नको म्हणत होतो. पण पुढे कुणी आग्रहच करेना, तेव्हा घाईघाईने हो म्हणून टाकलं.

उपासनेनंतर पाळकबाई रुसमिना म्हणाल्या, "आपल्या चर्चच्या मंडळीत गट पडलेत. मंडळीचे कारभारी वडील तर एकमेकांकडे पाठ करून प्रार्थना करतात." माझ्याकडे बघून बोलल्या की काय? पुढच्या बाकावर मांगिहुत बसतो. पाठ त्याची माझ्याकडे असते, माझी त्याच्याकडे नव्हे!

मांगिहुत म्हणजे माझा मेव्हणा, माझ्या पोरीच्या, टिउरच्या आईचा थोरला भाऊ. आम्ही दोघंही मंडळीचे वडील, म्हणजे देवळात सारखे. पण दाराबाहेर पाय टाकला की तो मुलगी देणाऱ्या घरचा आणि मी जावई. आमच्यात जावयाने मुलगी देणाऱ्यांपुढे मान खाली घालायची. लग्न झाल्यापासून खालीच आहे. दुखते आता.

बुधवार, १० जुलै

समितीची पहिली बैठक. सुरुवातीची प्रार्थना उभ्याने करायची की बसून, यावरून दोन तट पडले. दोन उपसमित्या नेमल्या. प्रार्थना राहिली.

रविवार, १४ जुलै

मेदान शहरातून टिउरचा फोन. लग्न ठरलं! चोवीस ऑगस्ट. एकुलती एक पोर माझी. तिने पहिला प्रश्न काय विचारावा? "बाबा, मामा उलोस पांघरेल ना माझ्यावर?"

म्हटलं, न पांघरायला काय झालं? मामाच्या हातची ती विणलेली शाल खांद्यावर पडल्याशिवाय आमच्यात कुठल्या पोरीची पाठवणी होते?

रविवार, २१ जुलै

पुढच्या रविवारी एकीचं जेवण. डुक्कर ठरलं. आणि मला एक कल्पना सुचली! अशी कल्पना या सरोवराकाठी आजवर कुणाला सुचली नसेल.

आमच्याकडे भांडण कुठे होतं? वाट्यांवरून. बरगड्या मुलगी देणाऱ्यांच्या, मान जावयांची, शेपटीकडचा भाग यजमानाचा. एकेकाचं नाव पुकारायचं, त्याने उभं राहून आपला वाटा घ्यायचा. मग कुणाची बरगडी लहान, कुणाचं नाव उशिरा! ख्रिस्तात सगळे एक ना? मग सगळं डुक्कर बारीक तोडायचं, सगळ्यांना सारखं वाढायचं. पुकारणं बंद!

समितीने टाळ्या वाजवल्या. बैठक लवकर संपवायची होती बहुतेक.

रविवार, २८ जुलै

काय झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

ताटं वाढली. कुणी हात लावेना. सगळे वाट बघत बसले, आपलं नाव कधी येतंय. नाव येईना. मग मांगिहुत मोठ्याने म्हणाला, "दाजी, माझा वाटा कुठाय?"

"ताटात आहे की, दादा."

"यातला कुठला भाग माझा?"

"सगळेच भाग."

"म्हणजे मी तुमचा कोण, ते अजून ठरायचंय तर."

ताट खाली ठेवून उठला. त्याच्यामागे अर्धी मंडळी उठली. उरलेल्या अर्ध्यांनी त्यांचीही ताटं संपवली. काही वाया गेलं नाही, एवढंच समाधान.

रविवार, ४ ऑगस्ट

मांगिहुतने आपल्या बोटीच्या शेडमध्ये वेगळी उपासना भरवली. आमच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर! वेळ तीच. गीतंही तीच. त्यांनी कर्णा लावला, आम्ही मोठा कर्णा लावला. पहिलं गीत आम्ही त्यांच्या एक कडवं आधी संपवलं. जिंकलो!

पाळकबाई इथलं प्रवचन उरकून तिकडे धावल्या. दोन्हीकडे विषय एकच, 'एक शरीर'. घामाघूम झाल्या बिचाऱ्या.

मंगळवार, ६ ऑगस्ट

कालवणात मीठ नव्हतं. टिउरच्या आईला विचारलं. म्हणाली, "सगळ्यांना सारखंच आहे."

शुक्रवार, ९ ऑगस्ट

टिउरचा फोन. "बाबा, मामा येणार नाही म्हणतोय. मी लग्न करू की नको?" थट्टा करत नव्हती.

फोन ठेवल्यावर टिउरची आई म्हणाली, "माझ्या भावावाचून पोरीच्या खांद्यावर उलोस घालणार कोण? तुमची समिती?"

मला पहिल्यांदाच भीती वाटली. पोरीची पाठवणी माझ्या शहाणपणापायी अडली तर?

रविवार, ११ ऑगस्ट

गेलो.

अपमान चारचौघांत केला, तर माफीही चारचौघांतच हवी. म्हणून ऐन उपासनेच्या वेळी गेलो. टिउरच्या आईने पहाटे उठून डुक्कर शिजवलं. डोकं, मान, बरगड्या, सगळं रीतसर मांडलेली परात डोक्यावर घेऊन मी आमच्या देवळाच्या खिडक्यांसमोरून चालत गेलो. आतलं गाणं मध्येच थांबलं.

शेडमध्ये गुडघे टेकले. "दादा, चुकलो. हा तुमचा वाटा."

मांगिहुतने परातीतल्या बरगड्या बोटाने मोजल्या. मग म्हणाला, "एवढ्या बरगड्या? दाजी, डुक्कर होतं की रेडा?" सगळे हसले. आणि हसता हसता तो रडायला लागला. मग मीही.

रीतीप्रमाणे त्याने उलट मासा द्यायचा. मला वाटलं, आता कुठून आणणार? तर त्याच्या घरच्या वहिनी झाकलेलं ताट घेऊन आल्या. "आठवडाभर रोज ताजा मासा शिजवून ठेवतेय," म्हणाल्या. "तुम्ही येईनात, आम्हीच खाऊन खाऊन कंटाळलो!"

मांगिहुतने माझ्या डोक्यावर हात ठेवून माझं पूर्ण नाव, कुळासकट, पुकारलं. टिउरचा उलोस विणून तयार आहे. शेड तो बंद करणार.

फार हलकं वाटतंय.

बुधवार, १४ ऑगस्ट

आनंदाची बातमी घेऊन बैठकीला गेलो. माझ्या खुर्चीवर समितीतला ओलोआन बसलेला! उपासना चालू असताना फुटीर गटाकडे गेल्याबद्दल मला समितीतून काढलं. वडीलकीही गेली. ओलोआन म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका, माजी अध्यक्षसाहेब. आपल्यात पहिल्यांदाच एकमत झालं."

संध्याकाळी मांगिहुत आला. गटाला न विचारता समेट केला म्हणून त्याच्या लोकांनी त्यालाही काढलं. एकमताने.

रविवार, १८ ऑगस्ट

शेड रिकामी. सगळी मंडळी देवळात एकत्र. साऱ्या भांडणाचं मूळ आम्ही दोघं, यावर दोन्ही गटांचं पटलं म्हणे. मी आणि मांगिहुत बाहेर आंब्याखाली बसून ऐकत होतो. गीताचे चारही आवाज, बायकांचे दोन नि पुरुषांचे दोन, भरून लागले होते. टिउरच्या आईचा मधूनमधून वेगळा ओळखू यायचा. इतकं गोड ही मंडळी आजवर कधी गायली नव्हती.

मांगिहुत म्हणाला, "दाजी, आपण आधीच बाहेर बसायला हवं होतं."