एकवीस नंबरची बस

४ फेब्रुवारी

चि. बाबूस आशीर्वाद, जरा रागातच.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र. एकवीस नंबरची बस बंद झाल्याचं मला थांब्यावर पाऊण तास ताटकळल्यावर समोरच्या शिंप्याने सांगितलं. सख्खा भाऊ बसचे मार्ग आखायच्या खात्यात, आणि बातमी शिंप्याकडून!

ह्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. ती बस घरापासून थेट दवाखान्याच्या फाटकाशी सोडायची. आता आधी भुयारी मेट्रो, मग जंक्शनवर लाइन बदला, मग दवाखान्याकडे जाणाऱ्या छोट्या बसची वाट बघा. जंक्शनची लिफ्ट 'लवकरच सुरू होईल' अशी पाटी गळ्यात घालून बसली आहे. पायऱ्या ब्याण्णव, मोजल्या मी. हे दर दहा पायऱ्यांवर थांबतात आणि मला सांगतात, भिंतीवरच्या जाहिराती वाचतोय.

काहीतरी कर. राग आहे, पण लोभ जिथल्या तिथे आहे.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदाही ओरडाच बसला.

मेट्रो जाते त्या वाटेवर बस चालवायची नाही, हा नियम माझा नव्हे. शिवाय जुन्या बसला पन्नास मिनिटं लागायची, नव्या मार्गाने अडतीस लागतात. तक्ता सोबत जोडला आहे. जंक्शनवर लाइन बदलायला चार मिनिटं धरली आहेत, तीही मी स्वतः चालून मोजलेली. लिफ्टचं खातं वेगळं, त्यांना मी काय सांगणार? नव्या गोष्टीला सगळेच आधी नाक मुरडतात, महिनाभरात सवय होईल. भाऊजींना म्हणावं, एवढं वाचन बरं नव्हे.

धाकट्याचं चुकलंमाकलं पोटात घालावं.

बाबू

२० फेब्रुवारी

चि. बाबूस,

तक्ता मिळाला. तक्त्याला गुडघे नसतात.

काल डायलिसिसहून परतताना जंक्शनच्या जिन्यावर ह्यांचे डोळे फिरले. मी दोन पायऱ्या मागे होते, म्हणून माझ्या अंगावर पडले. झाडूवाल्या बाईने बादली उपडी घालून त्यांना तिच्यावर टेकवलं, पाणी पाजलं. दोन अनोळखी माणसांनी उचलून वर आणलं. शुद्धीवर येताच पहिलं काय बोलले असतील, तर बाबूला कळवू नकोस, त्याला उगाच लागेल.

म्हणून कळवते आहे. लागू दे.

माझा पाय सुजून भोपळा झाला आहे. उद्या शुक्रवार, आणि हे दवाखान्यात जायचं नाही म्हणतात. डॉक्टरांनी बजावलंय, एकही वार चुकवायचा नाही. हे भिंतीकडे तोंड करून पडलेत. म्हणतात, पुरे झालं आता, माझ्यापायी तुझे हाल नकोत. मी भांडले, रडले, काही उपयोग नाही. शिंप्याच्या हातीच पत्र धाडते आहे.

पुढे काय लिहू, सुचत नाही.

ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

शुक्रवारी मी येऊन भाऊजींना घेऊन निघालो तेव्हा तू पाय वर करून पडली होतीस आणि परतल्यावर मला तोंड उघडायचा धीर झाला नाही. म्हणून आता लिहितो.

भाऊजी उठेनात. शेवटी मी म्हणालो की माझा तक्ता चुकलाय, तुम्ही सोबत आल्याशिवाय तो दुरुस्त होणार नाही, माझ्या कामासाठी चला. तेव्हा त्यांनी चप्पल मागितली. चार मिनिटांच्या जागी सव्वीस लागली, ताई. सगळा प्रवास एक तास चाळीस. माझी ती चार मिनिटं रविवारी सकाळी, रिकाम्या स्टेशनात, एकट्या धडधाकट माणसाची होती. जिन्यावर ते थांबले तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. जाहिरातीपुढे उभे होते, पण डोळे मिटलेले होते.

शनिवारी साहेबांना लेखी दिलं, आकडा चूक आहे आणि चूक माझी आहे. साहेब म्हणाले, असलं कुणी लिहून देतं का, फाडून टाक. मी तो कागद वरच्या कचेरीत पाठवला. पुढे काय होईल ते होवो. बस मिळेपर्यंत दर वारी मी येईन.

रागव, पण परकं करू नकोस.

बाबू

१७ एप्रिल

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

सोमवारी एकवीस नंबर सुरू झाली. दिवसाला तीनच फेऱ्या, पहिली वीस मिनिटं उशिरा, आणि बाकं अशी की हाडं मोजून घ्यावीत. तरी हे खिडकीशी बसून साऱ्या बसला ऐकवत होते, ही माझ्या मेहुण्याची बस.

ते ऐकून कंडक्टर बाई वळली. म्हणाली, म्हणजे ह्या बससाठी कागद वर पाठवला म्हणून आगारात गाड्यांच्या वेळा लिहायला बसवलेत तेच का? आधी मोठ्या कचेरीत होते म्हणे. बाबू, महिना होऊन गेला! दर वारी ह्यांना जिने चढवायला येत होतास, रजा कशा मिळतात विचारलं तर साहेब चांगले आहेत म्हणालास. आणि मी अडाणी, साहेबांना मनातल्या मनात दुवा देत होते. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, शनिवारी जाऊ.

शनिवारी दवाखाना नाही. तरी आम्ही सकाळच्या एकवीस नंबरमध्ये बसणार, दवाखान्यापाशी उतरणार नाही, आणि शेवटच्या थांब्यावर आगारात येणार. ह्यांना तुझी बसायची जागा पाहायची आहे. मला तुला पोटभर रागवायचं आहे, आणि ते कागदावर जमत नाही.

दोन खुर्च्या मांडून ठेव.

तुझी ताई