ट्रंकेची जागा

॥ श्री ॥

भोईवाडा, परळ
४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
मालनचा सा. न. वि. वि.

गुडघे धड असते तर भोईवाड्याहून डिलाईल रोडला चालत येऊन तुझ्याशी भांडले असते. फोनचा उपयोग नाही. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात तुझे कान गेले ते गेले. आता अर्धं ऐकतोस आणि उरलेलं मनाचं घालतोस. म्हणून लिहिते.

काल धनेश येऊन गेला. चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये तुला अकराव्या मजल्यावरच्या घराची किल्ली मिळाली, तू ट्रंक घेऊन तिथे राहायलाही गेलास, हे मला त्याच्याकडून कळलं. त्याला ते गावच्या मंडळातल्या लोकांकडून कळलं. म्हणजे पोटच्या मुलाआधी मंडळ. आणि आता ते घर मंडळाच्या नावे करायचं म्हणतोस. करारात धनेशचंही नाव आहे म्हणून तेवढी त्याची सही मागितलीस. तो सही करणार नाही, आणि मला विचारशील तर त्याने करू नये.

दादा, आपल्या घराण्यात आजवर कुणी श्रीमंत झालं नाही. हे घर विकलं तर धनेशचं टिटवाळ्याच्या जागेचं कर्ज फिटेल, त्याची लेक अक्षदा हवं तितकं शिकेल, आणि तुझ्या म्हातारपणाला चार पैसे राहतील. दारात आलेल्या लक्ष्मीला मंडळात विचारून सांगतो म्हणणारा जगात तूच एक असशील.

राग धर, पण उत्तर पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मालन


डिलाईल रोड
११ फेब्रुवारी २०२४

चि. मालन हीस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. भांडतेस म्हणजे प्रकृती बरी आहे. गुडघ्यांना तेल चोळत जा.

घर माझं कसं झालं ते तुला ठाऊक आहे, तरी धनेशला दाखवता यावं म्हणून लिहितो. जुनी खोली गावाने वर्गणी काढून घेतली होती. भाडेपावतीवर एकच नाव हवं होतं. मालकाचा माणूस आला त्या दिवशी बाकीचे सगळे पाळीवर गेले होते आणि मी तापाने फणफणून खोलीत पडलो होतो. त्याने माझं नाव लिहून घेतलं. त्या तापाची किंमत आज लोक कोटीत सांगतात.

नियमही गावाचाच. गावाहून येणाऱ्याने आपली ट्रंक भिंतीशी लावायची. ट्रंक आहे तोवर त्याची जागा. स्वतःचं बिऱ्हाड झालं की घरच्या माणसाने येऊन ट्रंक उचलायची, उंबऱ्यावर नारळ फोडायचा, आणि जागा पुढच्याला. हितेंद्र दादरच्या फुलबाजारात ओझी वाहायचा, आज त्याचे तीन टेम्पो आहेत. गौतमचा मुलगा डॉक्टर झाला. यांच्यापैकी कुणालाही घबाड सापडलं नव्हतं. आल्या आल्या डोक्यावर छप्पर मिळालं, पहिला पगार भाड्यात न जाता हातात राहिला. गरिबाला वर यायला एवढंच लागतं, आणि नेमकं तेवढंच मिळत नाही. ते मी विकायचं कसं?

सगळ्यांच्या ट्रंका गेल्या, माझीच राहिली. धनेशच्या आईला मुंबईत आणणं जमलं नाही, आणि ती गेल्यावर बिऱ्हाड मांडायचं तरी कुणासाठी. तुला माझं पटणार नाही, पण तुझा माझ्यावरचा जीव कमी होऊ नये.

तुझा,
दादा


भोईवाडा
१८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, आणि आता लिहायला बसले तर पुन्हा राग आला आहे.

तुला हितेंद्रचे टेम्पो दिसतात, धनेश दिसत नाही. गणपतीला आणि शिमग्याला तू घरी यायचास तेव्हा ते पोर वहिनीच्या पदराआडून तुझ्याकडे बघायचं. ओळख पटून मांडीवर येईपर्यंत तुझी सुट्टी संपलेली असायची. माझा बाप गावाने नेला तो परत दिलाच नाही, असं तो परवा माझ्यापाशी बोलला.

आणि सारखं गाव, गाव काय करतोस? मी त्या गावची नव्हते? मॅट्रिक झाले तेव्हा दादरच्या अध्यापिका विद्यालयात माझा नंबर लागला होता. गुरुजी आनंदाने सांगत आपल्या दारात आले होते. घरातले म्हणाले, ट्रंकांच्या रांगेत मुलगी निजणार कुठे. तू त्या वेळी गावीच होतास आणि गप्प बसलास. पुढे लग्न होऊन मी याच मुंबईत आले आणि सगळा जन्म गॅलरीतून समोरच्या शाळेत जाणाऱ्या बाया बघत राहिले.

ती खोली माझी कधी नव्हतीच. म्हणून ती विकली तर मला काही वाटायचं नाही.

जास्त लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पोटात घाल.

मालन


डिलाईल रोड
५ मार्च २०२४

चि. मालन हीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तुझं एकही अक्षर खोटं नाही.

रविवारी लालबागला मंडळाची सभा झाली. मी उभं राहून सांगितलं की घर मंडळाला मिळालं तर ते मुलींसाठी असेल. आपल्या वाडीतली मेघना परळला एका लॅबमध्ये कामाला लागली आहे. विरारला मावशीकडे राहते, आणि मावशीचं घर आधीच भरलेलं. तिच्यासारख्या अजून आहेत. थोडी कुजबुज झाली, परक्या मुलींची जबाबदारी कोण घेणार असंही कुणी म्हणालं. हितेंद्र म्हणाला की ज्यांच्या ज्यांच्या ट्रंका निघाल्या त्यांनी मेंटेनन्स भरायचा. तसं ठरलं. अक्षदाला हवी तर तिलाही जागा आहे, इतर मुलींसारखीच.

आता सगळं धनेशच्या सहीवर. मी त्याला एका शब्दाने बोललो नाही, फक्त तुझं पत्र पाठवलं. तुला न विचारता पाठवलं. तो नाही म्हणाला तर घर विकू, मी आडवा येणार नाही. त्याच्याकडे आणखी काही मागायला मला तोंड नाही.

मुली आल्या की मला तिथे राहता येणार नाही. मंडळाच्या ऑफिसात एक खाट मावते, तिथे पडेन. तू काळजी करू नकोस, आठवण मात्र ठेव.

तुझा,
दादा


भोईवाडा
२० मार्च २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझं पत्र परस्पर दुसऱ्याला दिलंस, त्याबद्दल समोर भेटलास की बोलेन.

काल धनेश आला. कुळथाची पिठी आणि भात वाढला, तो जेवला. मग त्याने विचारलं, आत्या, तुला खरंच शिक्षिका व्हायचं होतं का. मी हो म्हटलं. त्यावर तो बराच वेळ अक्षदाबद्दल बोलत राहिला. टिटवाळ्याहून दादरला कॉलेजला येते, घरी परतल्यावर पुस्तक उघडायचं त्राण पोरीत उरत नाही. तुला व्यवहार कळत नाही हे म्हणणं त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. कर्ज त्याला रिटायर होईस्तोवर फेडायचं आहे, तेही त्याने मला ऐकवलं. पण तो सही करणार आहे.

त्याची एक अट आहे. मंडळाच्या ऑफिसात खाट टाकायची नाही. खोली गावाची असेल तर गावाचा नियम तुलाही लागू. ज्याचं बिऱ्हाड आहे त्याची ट्रंक घरच्या माणसाने उचलायची. तुझं बिऱ्हाड टिटवाळ्याला कधीचं आहे, उचलायला कुणी आलं नाही एवढंच. घर गावाचं तर गावाला जाऊ दे, पण बाप माझा आहे आणि तो मला परत हवा, असं तो म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. रविवारी सकाळी तो येतो आहे. नारळ त्याने घेऊनही ठेवला.

आपल्या घराण्यात कुणी श्रीमंत झालं नाही असं मी तुला लिहिलं होतं. तो गेल्यावर मला ते वाक्य सारखं आठवत राहिलं.

तुझी ट्रंक निघाली की ती जागा मला दे. मी राहायला येणार नाही, माझी लग्नातली ट्रंक तेवढी ठेवायची आहे. मेघनाकडे म्हणे नुसती एक पिशवी आहे. तिने आपले कपडे माझ्या ट्रंकेत ठेवावेत. झाकणावर रंगाने माझं नाव घातलेलं आहे, ते मात्र कुणी पुसू नये.

बेल तुला ऐकू येणार नाही. रविवारी दार उघडंच ठेव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
मालन