भावजींच्या पाठीवर पूल

७ मार्च, शुक्रवार

घाबरलेय तर! कोण म्हणतं नाही घाबरले म्हणून?

जाऊबाईंनी काल डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, "रविवारी आमची मालिका संपतेय. शेवटचा भाग तेवढा बघू द्या, मग मी खुशाल जाते." डॉक्टर हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

कारण ही बाई बोलते ते करते. तपकीर सोडते म्हणाल्या — दुसऱ्या दिवसापासून डबीला हात नाही!

निघताना डॉक्टर दारात हळूच म्हणाले, "औषधाचं काही उरलेलं नाही आता. कशाच्या तरी ओढीनं थांबल्यात."

ती ओढ मला ठाऊक आहे. मालिकेत हिरवा डगला घालून उडते.

८ मार्च, शनिवार

आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंच. दोघंही गेले आणि एका घरात आम्ही दोघी उरलो. मालिका सुरू झाली तेव्हा त्या उडणाऱ्याचं नाव जिभेवर बसेना. मी म्हटलं, "जाऊबाई, मला धाकटा दीर नाही. यालाच करून घेऊ." झालं! तेव्हापासून ते भावजी. आगीतून गेले, समुद्राच्या तळाशी गेले, एकदा तर दगड होऊन पडले. जाऊबाईंना तेव्हा अन्न गोड लागलं नाही.

मागच्या रविवारी कोसळता पूल पाठीवर तोलून उभे होते. वर गाड्या, माणसं, आरडाओरडा. तिथंच भाग संपवला मेल्यांनी!

जाऊबाईंना काळजी पाठीची. "कुणी शेकूनसुद्धा द्यायचं नाही गं त्यांना."

"फोटोवाली आहे की!" — म्हणजे ती वर्तमानपत्रातली. कधीची घुटमळतेय भावजींच्या मागं.

"लग्नाआधी कशी शेकेल, शहाणे?" मग म्हणाल्या, "जगावेत, आणि तिच्याशी लग्न करावं. एवढं बघितलं की माझं काम झालं."

एवढं बघितलं की!

इंजेक्शन द्यायला नर्स येते, तिला मी सुईवाली म्हणते. आज मी दारात शेजारणीला सांगत होते, "भावजींचं काही खरं नाही. पूल अंगावर आलाय. उद्या काय ते कळेल." मागून सुईवालीनं ऐकलं. डोळे भरून आले तिचे.

"तुमचे दीर? कुठल्या हॉस्पिटलात आहेत?"

"हॉस्पिटल कुठलं, अजून पुलाखालीच आहेत!"

ती मटकन खालीच बसली. सांगायला हवं होतं खरं. पण माझी जीभ! म्हटलं, "तसे धडधाकट आहेत हो. पाठीचंच काय ते."

माझा हात घट्ट धरून म्हणाली, "काहीही होवो, पेशंटला इतक्यात कळू देऊ नका. कळलं की माणूस धीर सोडतं."

हसू दाबून दाबून पोट दुखलं. ती गेल्यावर खुशाल हसायचं ठरवलं होतं. हसूच येईना.

९ मार्च, रविवार

भाग नाही! पुढे ढकलला!

दुपारपासून टीव्हीवर नुसत्या मुंग्या. केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो, "मावशी, नाहीतरी शेवटचा भाग आज नाहीच. पुढच्या रविवारी आहे."

जाऊबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर पूल पाठीवरच?"

"आठवडाभर."

"मग मला काहीतरी खायला दे."

१० मार्च, सोमवार

खाल्लं. वर "मीठ कमी आहे" म्हणाल्या. इतकं गोड कुणी बोललं नव्हतं कित्येक दिवसांत.

१२ मार्च, बुधवार

पुतण्याचा फोन. "काकू, आईचा आवाज खणखणीत लागला! काय दिलंत तिला?"

"दीर दिला."

बहुतेक आता मलाही डॉक्टरांना दाखवणार.

हसते, पण खरं सांगू? त्या झोपल्या की माझा जीव थाऱ्यावर नसतो. सारखी दारात जाऊन छाती हलतेय का बघते. आज दुपारी अशीच उभी होते. डोळे न उघडताच म्हणाल्या, "आहे गं. पूल अजून वरच आहे."

१६ मार्च, रविवार

आजही नाही. परत लांबला.

"कोण म्हणतं?" जाऊबाईंनी विचारलं.

"केबलवाला."

"त्याला म्हणावं, आधी टीव्ही नीट कर, मग तोंड चालव." मग कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी कंगवा घेऊन मागं बसले, म्हणजे तोंड दिसायला नको. वेणी घालायला केस उरलेत कुठं! तरी घातली.

पाठमोऱ्याच म्हणाल्या, "धाकटे, माझ्याच्यानं फार थांबवत नाही गं आता." रांगेत उभं राहून पाय दुखावेत तशा म्हणाल्या. मी घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

१७ मार्च, सोमवार

केबलवाल्याला मी फोन केलाच नव्हता, इथंसुद्धा खोटंच लिहिलं. वायर मीच उपटली. शेवटचा भाग ठरल्या रविवारीच झाला. जाऊबाई झोपल्या होत्या, मी शेजारणीकडे जाऊन उभ्याउभ्या बघितला.

भावजी जगले. पूल अलगद खाली ठेवला. फोटोवालीशी लग्न केलं. जाऊबाईंना हवं होतं अगदी तस्संच.

सांगितलं तर आनंदानं जातील. म्हणून सांगत नाही.