दारावरचा कागद

त्र्यावना,
१४ नोव्हेंबर

प्रिय लाचो,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तू इथे होतास तेव्हाही कुरकुरायचा. मिरच्या भाजून बरण्या भरल्या, सवयीने तिघांना पुरतील एवढ्या.

तुझ्या बाबांना जाऊन सहा महिने होत आले. रीतीप्रमाणे दारावर दुखवट्याचा नवा छापील कागद लावायला हवा. चाळिसाव्या दिवसाच्या कागदावर मी गणवेशातला फोटो दिला होता, खाली 'सेनापती आणि राष्ट्राध्यक्ष' छापलं होतं. दुसऱ्या दिवशी बघते, तर कुणीतरी 'राष्ट्राध्यक्ष' तेवढं नखाने खरवडलेलं. 'सेनापती'ला हात लावला नव्हता.

खालच्या मजल्यावरची त्सोन्का म्हणाली, "चिडू नकोस नेद्याल्का. माझ्या भावाला यांनीच वेढ्यातून जिवंत आणलं. आणि यांच्याच राज्यात तो खिडक्या लावून बोलायला शिकला!"

मी चिडलेच. पण खोटं काय होतं त्यात? युद्धात ते शिपायांच्या नंतर जेवायचे. अध्यक्ष असताना सरकारी घरातला चमचासुद्धा त्यांनी इकडे आणला नाही. पण देश त्यांना पलटणच वाटला. कुणी 'पण' म्हटलं, की तो फितूर. चौकातल्या निदर्शनांतून पोलिसांनी तुला उचललं तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. म्हणाले, "लोकांची पोरं आत असताना माझं बाहेर कसं आणू?" न्यायाचंच बोलले. सगळ्यांचीच पोरं सोडता येतील, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

चाळिसाव्याला पुष्कळ माणसं आली, असं मी तुला लिहिलं होतं. ते खरं नाही रे. त्यांच्या नावाने वाटायला पातेलंभर गोड गहू शिजवले, दार उघडं ठेवलं. त्सोन्का तेवढी आली. उरलेले गहू मीच कितीतरी दिवस खात होते.

आता घरातल्या स्वेटरमधला फोटो देणार आहे. पद नाही, काही नाही. खाली शोक करणाऱ्यांची नावं असतात, तुला ठाऊकच आहे. मागच्या वेळी तुला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून फक्त 'पत्नी नेद्याल्का' छापलं. छापखान्यातला स्तोइमेन परवा म्हणाला, "काकू, एकटं नाव फार उघडं दिसतं हो." त्याला म्हटलं, थोडा थांब.

त्यांना माफ कर, असं मी म्हणत नाही. तुझं नाव घालू का, एवढंच कळव. नाही म्हणालास तरी चालेल, पण कळव.

आपल्या नावाशेजारी जागा सोडून बसलेली,
तुझी आई