कट्ट्यावरचा ग्लास

कोल्हापूर, ११ फेब्रुवारी १९९९

राजनंदिनी बाळा,

तुझ्या कॉलेजचा कागद मिळाला. ‘स्त्रीवाद म्हणजे काय, दोन ओळींत लिहा.’ मला काय ठाऊक? म्हणून विचारत सुटले. सासूबाई म्हणाल्या, “नवऱ्याला नावानं हाक मारायची थेरं!” शेजारच्या बाई म्हणाल्या, सातबाऱ्यावर बाईचं नाव. हे म्हणाले, “तुला काय कमी हाय?”

काय कमी हाय त्याचाच इचार करत होते, तवर ह्यांची कंबर धरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हस घेऊन मी दूधकट्ट्यावर गेले. शेणघाण, वैरण, पेंड माझी, कट्टा ह्यांचा. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लासानं दूध विकायचं; गडीमाणसं उभ्यानं ताजं पितात. बाई एक न्हाई.

धार काढून ग्लास भरत होते. फेस बघून वाटलं, कसं लागत असंल? घरात मला चहापुरतंच दूध. एक ग्लास भरला आणि सगळ्यांदेखत उभ्यानं प्याले. एक पैलवान हसला, “वैनी, मिशी आली की!” लगेच पुसली न्हाई मी.

घरी आल्यावर हे म्हणाले, “उरलेलं दूध कमी कसं?”

मी म्हटलं, “रेडकू प्यालं.”

चारचौघांत प्याले आणि घरात खोटं बोलले. ह्यात स्त्रीवाद कुठला गं? कागदावर ‘माहीत नाही’ लिहून धाडते. हे पत्र मात्र न धाडता पेंडीच्या डब्यात ठेवते. तो डबा ह्यांनी आजवर उघडलेला न्हाई.

तुझी,
मालूआत्या